आधी बूच लावा
हौशी बोटवाल्यांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं

गेल्या वेळी दिलेला सल्ला पाळला आणि बोट बुडाली, असं तीन वाचकांनी कळवलं आहे. तिघांचेही आभार. चौथ्याने लिहिलंय की सल्ला पाळला नाही, तरी बुडाली. त्याचे विशेष आभार, त्यामुळे माझी सरासरी सुधारली.

नव्या वाचकांसाठी: मी 27 वर्षं बोट बाळगून आहे. साडेसहा मीटरची, मागे टांगलेलं इंजिन, दोन शिडं. त्यातलं एक उघडत नाही आणि दुसरं मिटत नाही. खलाशी म्हणून मेहुणा असतो. तो पगार घेत नाही, पण हुकूमही घेत नाही.

प्रश्न: नवी बोट रॅम्पवरून पाण्यात उतरवली. दहा मिनिटांत घोट्यापर्यंत पाणी! गंमत म्हणजे इंजिन जोरात सोडलं की पाणी कमी होतं आणि हळू झालो की पुन्हा वाढतं. बोट बिघडली आहे की हल्लीच्या बोटी अशाच असतात?
— ओले मोजे

उत्तर: तुमच्या बोटीच्या मागच्या भिंतीत, अगदी तळाशी, एक भोक आहे. कारखान्याने ते मुद्दाम ठेवलेलं असतं, बोट ट्रेलरवर चढवली की आत साठलेलं पाणी निघून जावं म्हणून. त्या भोकाला एक बूच असतं. ते बूच या क्षणी तुमच्या गाडीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. मला कसं कळलं ते विचारू नका.

तुम्ही पाहिलंत ते अगदी बरोबर आहे. बोट वेगात निघाली, पुढचं टोक उचललं गेलं, की मागच्या भोकातून आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. थांबलात की समुद्र आपलं पाणी परत आत सोडतो, वर थोडं जास्तीचं. अडीच सेंटिमीटर व्यासाचं भोक पाण्याच्या पातळीखाली 30 सेंटिमीटरवर असेल, तर त्यातून मिनिटाला 40 लिटरहून जास्त पाणी येतं. म्हणजे चालू असताना तुमच्याकडे बोट आहे आणि थांबल्यावर हौद आहे. तेव्हा तातडीचा सल्ला एकच: थांबू नका. इंधन असेपर्यंत तुम्ही सुखरूप आहात.

कायमचा उपाय असा की बूच इंजिनाच्या किल्लीला बांधून ठेवा. गाडीच्या नव्हे, इंजिनाच्या. बुचाला हात लागल्याशिवाय इंजिन सुरूच होता कामा नये. आमच्याकडे ही पद्धत दुसऱ्या बुडण्यानंतर आली. पहिल्या वेळी मेहुण्याने भोकाला उजवी टाच लावून 20 मिनिटं बोट वाचवली होती. उपकार आहेत, नाकारत नाही. पण हवा जरा गार झाली की ती टाच दुखते, आणि ते तो दर वेळी सगळ्यांना सांगतो.

प्रश्न: पाणी 5 मीटर खोल होतं म्हणून मोजून 5 मीटर दोर सोडला आणि नांगर टाकला. जेवण झाल्यावर डुलकी लागली. उठलो तर किनारा बदललेला. नांगर मात्र जागच्या जागी, बोटीच्या बरोबर खाली. दोष कोणाचा?
— स्थलांतरित

उत्तर: तुमच्या नांगराने तळ धरलाच नाही. दुरून नमस्कार करून तो तुमच्याबरोबर फिरायला निघाला.

नांगर वजनामुळे बोट धरतो ही समजूत इतकी पक्की आहे की माणसं जड नांगर आणतात आणि दोर आखूड ठेवतात. नांगर धरतो तो तळात रुतून, आणि रुतण्यासाठी ओढ आडवी लागते. दोर सरळ वर जात असेल तर तुम्ही नांगर टाकत नसून उपटत आहात. हिशेब असा: पाण्याची खोली 5 मीटर, त्यात बोटीच्या नाकाची पाण्यापासूनची उंची 1 मीटर, आणि तुम्ही झोपलेले असताना येणारी भरती समजा 2 मीटर. झाले 8. त्याच्या निदान पाचपट, म्हणजे 40 मीटर दोर. वारा असेल तर सातपट, 56. नांगराजवळ काही मीटर साखळी असली तर ओढ आणखी आडवी राहते. कंजूष माणसाने नांगराच्या नादी लागू नये, त्याने बोट झाडाला बांधावी.

आता 40 मीटर दोर सोडलात की बोट त्या दोराच्या टोकाला गोल फिरणार, तेव्हा दोर किती सोडायचा हे शेजाऱ्यांचं बघून ठरवा. सगळ्यांचे दोर सारख्या मापाचे असतील तर वारा बदलल्यावर सगळ्या बोटी एकदम वळतात, मोठं छान दिसतं. तुमचा 5 मीटर आणि त्याचा 40 असेल तर पहाटे तो तुमच्या उशाशी येतो.

बोट सरकते आहे का हे कळायला किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन वस्तू हेरून ठेवाव्यात. त्या एका रेषेत राहिल्या तर बोट जागेवर आहे. मी एकदा एक झाड आणि एक गाय हेरली होती. त्या संध्याकाळी मी चार वेळा नांगर उचलून पुन्हा टाकला. बोट जागची हलली नव्हती.

एक राहिलंच. दोराचं दुसरं टोक बोटीला बांधलेलं आहे ना, ते नांगर फेकण्याच्या *आधी* बघा. माझे तीन नांगर एकाच खाडीच्या तळाशी आहेत आणि तिघांनीही तळ उत्तम धरला आहे.

प्रश्न: पंधरा वर्षं मी बोटीच्या पुढच्या टोकावर दोर घेऊन उभी राहते आहे. धक्का जवळ आला की नवरा मागून ओरडतो, "डावीकडे!" मग "अगं तुझ्या नव्हे, माझ्या डावीकडे!" आणि मग "मार उडी!" एकदा मारली. धक्का अजून यायचा होता. मी काय करू?
— भिजलेली अर्धांगिनी

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी घरी मोठ्याने वाचलं. "अक्षर माझं नाही, मजकूर माझा आहे," असं मला स्वयंपाकघरातून ऐकवण्यात आलं. तेव्हा जरा सविस्तर उत्तर देतो.

आधी डावं-उजवं. नवरा पुढे तोंड करून बसलेला असतो. तुम्ही त्याच्या ओरडण्यामुळे मागे वळून बघता. त्या क्षणी तुमचा डावा हात त्याच्या उजव्या बाजूला असतो आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असता. यावर दर्यावर्दी लोकांनी फार पूर्वी तोड काढली: बाजू बोटीची, माणसाची नाही. पुढच्या टोकाकडे तोंड केल्यावर जी डावी ती बोटीची डावी, तुम्ही शीर्षासनात असलात तरी. इंग्रजांना तर आणखी एक अडचण होती. त्यांची उजवी 'स्टारबोर्ड' आणि डावी 'लारबोर्ड', वादळात दोन्ही सारखीच ऐकू यायची. शेवटी 1844 मध्ये त्यांच्या नौदलाने हुकूम काढून 'लारबोर्ड' बंद केलं आणि 'पोर्ट' आणलं. 'डावी' आणि 'उजवी' ऐकायला इतके वेगळे आहेत की आपल्याला चुकायला काही निमित्तच उरत नाही. तरी आपण चुकतो, हे कौतुकास्पद आहे.

आता उडी. उडी कधीही मारू नका. मी हे गमतीने म्हणत नाही. दोन टनांची बोट हळू येत असली तरी ती दोन टनांचीच असते, आणि बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाय घातला तर तो पाय बोट थांबवत नाही. मध्ये घालायचे ते फेंडर, ते रबरी फुगे त्याच कामासाठी असतात. धक्का पायरीसारखा शेजारी आल्यावर चालत उतरायचं. तो तेवढा जवळ आला नसेल तर तो चालकाचा प्रश्न आहे. त्याने मागे जाऊन पुन्हा यावं. त्याचं इंधन, त्याची अब्रू.

नवऱ्याला वाचून दाखवण्यासाठी: ज्या वेगाने धक्क्यावर आदळायची तयारी असेल, त्याच वेगाने धक्क्याकडे जावं. वारा किंवा प्रवाह यांपैकी जो जोरात असेल त्याला तोंड देऊन यावं, म्हणजे तो फुकटात ब्रेक लावतो. पाठीशी घेऊन आलात तर तो फुकटात ढकलतो. आणि बोट ढकलणारे बहुतेक पंखे, मागून पाहिलं तर, पुढे जाताना उजवीकडे फिरणारे असतात. असा पंखा उलटा फिरवला की बोटीची शेपटी डावीकडे ओढली जाते. म्हणून डावी बाजू धक्क्याला लावायला निघालात तर शेवटच्या क्षणी रिव्हर्स टाकल्यावर बोट आपोआप जवळ येते आणि बघणाऱ्यांना वाटतं की तुम्हाला येतं. उजवी बाजू लावायला गेलात तर तोच रिव्हर्स तुम्हाला धक्क्यापासून दूर नेतो आणि बघणाऱ्यांना खरं काय ते कळतं.

बघणारे असतातच. बोट सुरेख लागली त्या दिवशी धक्क्यावर एक झोपलेलं कुत्रं असतं. खांब पाडला त्या दिवशी एक अख्खी सहल.

शेवटचा उपाय थोडा टोकाचा आहे: जागा बदला. एक मोसम तुम्ही सुकाणू धरा आणि त्यांना दोर द्या. आमच्याकडे हे झालं. पहिल्याच दिवशी हिने बोट धक्क्याला अशी लावली की टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून मी पुढे दोर धरून उभा असतो आणि मागून कोणीही ओरडत नाही. सवय नसल्यामुळे मला ते फार भीतिदायक वाटतं.

प्रश्न: शिडाच्या बोटीला इंजिनाच्या बोटीने वाट द्यायची असते, हा नियम मला पाठ आहे. परवा शीड लावून जात होतो तर समोरून मालवाहू जहाज आलं. मी जागचा हललो नाही. त्यांनी पाच वेळा भोंगा वाजवून आमचं स्वागत केलं, आम्हीही सहकुटुंब हात हलवले. त्यानंतरची लाट मात्र असभ्य होती. तक्रार कुठे करू?
— नियमाने वागणारा

उत्तर: नियम तुम्ही बरोबर सांगितलात, फक्त अर्धा. समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 साली ठरले आणि 1977 पासून लागू आहेत. त्यातला अठरावा नियम तुमच्या बाजूचा आहे. पण त्याच्या बऱ्याच आधी नववा नियम येतो. चिंचोळ्या मार्गात, ज्या जहाजाला तो खोल पट्टा सोडून दुसरीकडे जाताच येत नाही, त्याच्या वाटेत शिडाच्या बोटीने आणि 20 मीटरपेक्षा लहान बोटीने यायचं नाही. तुम्ही शिडाचेही आहात आणि लहानही, म्हणजे दोनदा गुन्हेगार.

आणि ते स्वागत नव्हतं. भोंग्यांची भाषा अशी आहे: एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं फिरवतोय. पाच किंवा त्याहून जास्त छोटे भोंगे म्हणजे, शुद्ध मराठीत, "अरे बाबा, तुझ्या मनात आहे तरी काय?" त्यावर तुम्ही सहकुटुंब हात हलवलेत. त्या कप्तानाने निवृत्तीनंतर सांगायला ही गोष्ट नक्की राखून ठेवली असेल.

मोठं जहाज थांबायला कधी कधी काही किलोमीटर घेतं. शिवाय पुलावरून, म्हणजे जिथून ते हाकतात तिथून, नाकासमोरचं पाणी दिसतच नाही. जहाजाच्या दोन लांब्या किंवा 500 मीटर, यांतलं जे कमी असेल तितकं समोरचं पाणी झाकलेलं असलं तरी नियमांना ते चालतं. त्या झाकलेल्या पाण्यात तुम्ही नियमावर ठाम होता.

ओळखायची खूण सोपी आहे. समोरचं जहाज तुमच्या बोटीच्या एकाच दोरामागे, एकाच खांबामागे दिसत राहिलं आणि जागा न बदलता नुसतं मोठं होत गेलं, तर तुमची भेट ठरलेली आहे. लवकर वळा, आणि इतकं वळा की त्याला लांबून कळावं. माझा मेहुणा अशा वेळी डोळे मिटतो. जहाज मोठं व्हायचं थांबतं, असा त्याचा अनुभव आहे.

प्रश्न: बोटीचं नाव 'मस्करी' ठेवायचं आहे. कसं वाटतं?
— बारशाच्या तयारीत

उत्तर: नाव गोड आहे. आता डोळ्यांसमोर आणा: बोट बुडते आहे, तुम्ही रेडिओ उचलता, चॅनल 16 लावता. पद्धत ठरलेली आहे. 'मे डे' तीन वेळा, मग बोटीचं नाव तीन वेळा, मग पुन्हा एकदा मे डे आणि नाव, मग कुठे आहात, काय झालंय, माणसं किती. म्हणजे तुम्ही म्हणणार: "मे डे, मे डे, मे डे. मस्करी, मस्करी, मस्करी."

हाच विचार 'उगाच', 'पहिला एप्रिल' आणि 'काही नाही हो' या नावांबाबतही करावा. पाठ न होणारं लांबलचक नावही नको. तीनदा म्हणेपर्यंत पाणी मायक्रोफोनला लागतं. (हा 'मे डे' मे महिन्याचा नाही. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो 1920च्या दशकात आला. आमच्या मेहुण्याला ही सुट्टी वाटायची.)

प्रश्न: मला बोट लागते. घरच्यांना बोटीची हौस आहे. काय करू?
— हिरवा चेहरा

उत्तर: लाज वाटून घेऊ नका, ॲडमिरल नेल्सनलाही लागायची आणि त्याने आयुष्य समुद्रावर काढलं. कान सांगतो हलतंय, डोळे सांगतात केबिनच्या भिंती स्थिर आहेत, आणि या भांडणात पोट मध्ये पडतं. केबिनमध्ये जाऊ नका, फोनकडे बघू नका, क्षितिजाकडे बघा. त्याहून उत्तम म्हणजे सुकाणू मागून घ्या. हाकणाऱ्याला सहसा कमी लागते. आणि वेळ आलीच तर वारा ज्या बाजूला *जातो* आहे त्या बाजूला वाका. ज्या बाजूने येतो आहे तिकडे वाकलात तर तुमचा प्रश्न सगळ्या कुटुंबाचा होतो. मेहुण्याला बोट धक्क्याला लागण्याआधीच लागते, पण तो ऐकत नाही.

प्रश्न: पौर्णिमेनंतरच्या सगळ्यात मोठ्या भरतीला, अगदी पाणी पूर्ण चढलेलं असताना, वाळूच्या पट्ट्यावर बोट चढली. आता ओहोटी आहे आणि आम्ही तिरके बसून हे पत्र लिहितोय. कधी सुटू?
— 30 अंशांतले

उत्तर: साधारण पंधरा दिवसांनी.

सविस्तर सांगायचं तर, दिवसातून दोनदा भरती येते तिथे पाणी साधारण सहा तासांत उतरतं, पण सारखं उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, मग दोन, मग तीन, तीन, दोन आणि एक. चार मीटरची ओहोटी असेल तर पहिल्या तासात जेमतेम 33 सेंटिमीटर आणि तिसऱ्या तासात अख्खा मीटर. त्यामुळे रुतल्यानंतरची पहिली मिनिटं मोलाची असतात. तेव्हा रिव्हर्स टाकायचा असतो, माणसं एका बाजूला बसवून बोट कलवायची असते. त्या मिनिटांत सहसा चूक कोणाची यावर चर्चा होते.

तुमचा प्रश्न त्यापलीकडचा आहे. उधाणाच्या भरतीचं टोक गेलं की पुढची प्रत्येक भरती थोडी बुटकी, थेट भांगाच्या, म्हणजे सगळ्यात बुटक्या भरतीपर्यंत. तुम्हाला उचलण्याइतकं पाणी बहुधा पुढच्या उधाणालाच येईल. तोवर बोटीच्या तळाचे शंख-शिंपले खरवडून घ्या, त्यासाठी एरवी बोट उचलून घ्यावी लागते. उरलेल्या दिवसांत बोटीबाहेर पत्रपेटी लावा.

प्रश्न: लाइफ जॅकेट घातलं की फोटो वाईट येतात. बाकाखाली ठेवलेलं चालेल ना?
— प्रकाशचित्रकार

उत्तर: न घालता काढलेला फोटो खरंच छान येतो. तोच मग मोठा करून लावतात.

गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, पट्टीचा पोहणारा असला तरी. त्या मिनिटात बाकाखाली काय आहे याचा उपयोग बाकाला. 150 न्यूटनचं जॅकेट बहुतेकदा शुद्ध हरपलेल्या माणसालाही उताणं करतं, फक्त त्याचे पट्टे, पायांमधलासुद्धा, आवळलेले हवेत. घाला. या एका उत्तरात गंमत नाही.

प्रश्न: काका, मी ओले मोजे. आपल्या सल्ल्यानुसार थांबलो नाही. हे पत्रही पहिल्यासारखंच, जाता जाता एका ओळखीच्या बोटीत फेकलं आहे. बूच गाडीच्या कप्प्यात आहे हे खरं निघालं, आणि गाडी रॅम्पवर आहे. इंधन पाव टाकी. पुढे काय?

उत्तर: पुढच्या खेपेला जवळून जाल तेव्हा ओळखीच्या माणसाला ओरडून सांगा की ट्रेलर पाण्यात उतरवून तयार ठेव. आणि आतून भोकात कोंबता येईल असं काहीही शोधा. कापडाची घट्ट गुंडाळी चालते. तुमच्याकडे तर दोन मोजे आहेत.

हा अंक छापून येईपर्यंत तीन आठवडे जातील, तोवर पाव टाकी पुरवून वापरा. फारच घाईचं असेल तर मेहुण्याला पाठवतो. त्याची डावी टाच अजून चांगली आहे.